तीनकोनी चाकावरचा चहा

परत आल्यापासून आमच्या गडहिंग्लजच्या निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर एकच विषय चाललाय. "पाटीलबाई, लोक गोव्याला जातात, महाबळेश्वरला जातात. तुम्ही तीन दिवस आकुर्डी आणि चाकणला काय करत होता?" प्रत्येकाला वेगळं सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाच लिहून काढते. वाचा आणि परत विचारू नका.

मी गेले होते फादर योहानांसाठी. फादर म्हणजे जेझुइट धर्मगुरू, आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला मला गणित शिकवायचे. ही दोन कामं एकच माणूस कशी काय करतो, असं आम्ही मुलींनी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "सकाळी सहाला चर्चमध्ये मिस्सा असतो, आठला लेक्चर. मध्ये दोन तास मिळतात." आम्ही काहीतरी खोल उत्तराची वाट बघत होतो, ते तेवढ्यावरच वर्गात निघून गेले.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. वय त्र्याऐंशी, आवाज तोच. "पाटीलबाई, तुमचं एक चुकलेलं उत्तर माझ्याकडे पडून आहे. येऊन घेऊन जा. मी जागा बदलतोय." मी माहेरचीही पाटील आणि सासरचीही पाटील, त्यामुळे मधल्या चाळीसेक वर्षांत त्यांना माझं नाव नव्याने पाठ करावं लागलं नव्हतं.

कुठलं उत्तर ते मला लगेच कळलं. चाचणी परीक्षेत त्यांनी विचारलं होतं: एखादी वस्तू सगळ्या दिशांनी मापली आणि माप सारखंच आलं, तर ती गोल असते का? मी लिहिलं होतं, "असते. यात विचारण्यासारखं काय आहे?" त्यावर लाल शाईत शेरा आला, "पुन्हा विचार करा." फादर 'चूक' हा शब्द कधी लिहीत नसत. मी त्यांच्या खोलीत जाऊन तासभर भांडले, त्यांनी मला चहा पाजला आणि उत्तर काही सांगितलं नाही. पुढे एका पुस्तकात चित्र बघून कळलं की चूक माझीच होती. पण ते कबूल करायला एवढ्या लांब कोण जातंय? मी गेले नाही.

पिंपळे सौदागर, गुरुवार

उतरले भाचीकडे, वैशालीकडे. तिची सोसायटी म्हणजे बावीस मजल्यांच्या आठ इमारती आणि मधे पोहायचा तलाव, ज्यात कुणी पोहत नाही. गेटवरच्या वॉचमनच्या हातात मोबाइल होता आणि त्यात येणाऱ्या माणसांचे रकाने होते: पाहुणे, घरकाम, कुरिअर. माझ्याकडे एक पोतं होतं. भडंग, गूळ, काजू आणि वैशालीच्या आईने दिलेली दोन किलो चटणी. वॉचमनने पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि 'कुरिअर' दाबलं.

वर वैशाली घरातूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिच्या मोबाइलवर विचारणा गेली, तुमचं पार्सल आलंय, काय करू? तिने न बघता उत्तर दिलं, गेटवर ठेवा. झालं. वॉचमन मला म्हणाला, "गेटवर ठेवायला सांगितलंय, काकू." मी विचारलं, पोतं की मी? तो म्हणाला, "दोन्ही एकाच एंट्रीत आहे."

चाळीस मिनिटं मी पार्सलांच्या रॅकशेजारी खुर्चीवर बसून होते. आमच्याकडे एखादी बाई पोतं घेऊन दारात उभी राहिली तर समोरचे दोघे, शेजारचे तिघे चौकशीला येतात आणि त्यातली एक तरी तिला आत नेऊन चहा देतेच. इथे माणसं येत होती, रॅकवरून आपापलं खोकं उचलत होती, मला बघून 'हे आमचं नाही' अशी खात्री करून जात होती. शेवटी वैशाली धावत खाली आली आणि "मावशी, सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. मी तिला म्हटलं, सही कर आणि ताब्यात घे.

आकुर्डी, गुरुवार दुपार

गुरुवारी या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी असते. आपल्याकडे रविवारी जी शांतता असते ती इथे गुरुवारी. रिक्षावाल्याने मला ते मोठ्या कौतुकाने सांगितलं, जणू आपल्या गावाने वेगळा वार शोधून काढलाय.

फादरांचं घर म्हणजे चर्चच्या मागे एक बैठी इमारत. त्यात पाचसहा फादर राहतात. समोर लांबलचक व्हरांडा, शहाबादी फरशी, अंगणात पपईची झाडं आणि वाळत घातलेल्या चादरी. फादर दारातच उभे होते. उंच, काटकुळे, खादीचा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी खडू.

"जाड झालात," ते म्हणाले.

"तुम्ही बारीक झालात," मी म्हटलं. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे विषय संपला.

त्यांच्या खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर क्रूस, आणि उरलेली सगळी भिंत व्यापून फळा. खरा लाकडी फळा. विद्यापीठाने नवे पांढरे फळे बसवले तेव्हा हा भंगारात चालला होता, फादरांनी तो मागून घेतला. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी मिस्सा झाला की या फळ्यासमोर उभे राहतात. कागदावर त्यांना गणित सुचत नाही. त्यांचा एक जुना नियम होता, सिद्धता अर्धी असताना फळा पुसायचा नाही. विद्यापीठातले शिपाईसुद्धा तो पाळायचे. एकदा कुलगुरूंचं भाषण त्याच वर्गात होतं, तरी शिपायाने फळा पुसला नाही. कुलगुरू तासभर अर्ध्या सिद्धतेसमोर उभे राहून शिक्षणाच्या भवितव्यावर बोलले.

आणि आता भानगड फळ्याचीच होती. येत्या सोमवारी फादरांना म्हाताऱ्या फादरांसाठी असलेल्या घरात हलवणार होते, दुसऱ्या गावी. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. अठराव्या वर्षी जेझुइट संघात आलो, तेव्हापासून पाठवतील तिथे जातोय, म्हणाले. पण तिथली खोली लहान, शेजारच्या दोघांना दमा, खडूची धूळ चालायची नाही. इथले रेक्टर फादर, म्हणजे या घराचे प्रमुख, वयाने चाळिशीचे आणि स्वभावाने व्यवस्थित. त्यांनी सांगून टाकलं होतं की फळा काही येणार नाही.

"मग मी त्यांच्याशी पैज लावली," फादर म्हणाले.

धर्मगुरूंनी पैज लावावी का, असं मी विचारलं. त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

झालं होतं असं. जेवणाच्या टेबलावर फादरांनी सांगितलं की चाक गोलच असायला हवं असं काही नाही. तीन कोपऱ्यांचा एक आकार आहे, बाजू जरा फुगीर असलेला. तो कसाही फिरवा, त्याची उंची सारखीच राहते. असे तीन रोलर खाली ठेवून वर फळी टाकली तर फळी अजिबात वरखाली न होता पुढे जाते. रेक्टर फादर हसले. म्हणाले, "तुम्ही स्वतः त्या फळीवर बसा, हातात काठोकाठ चहाचा कप घ्या. एक थेंब न सांडता व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेलात, तर फळा मी स्वतः डोक्यावर घेऊन टेम्पोत चढवतो, आणि धूळ उडू नये म्हणून ओलं फडकं वापरायचं, हे त्या दमेकरी फादरांना पटवायचं कामही मीच करीन." शनिवारी चारच्या चहाला ठरलं.

"म्हणजे चहा सांडला तर फळा गेला," मी म्हटलं.

"गेला," फादर म्हणाले. त्यांनी फळ्याकडे बघितलं नाही, खिडकीतून पपईकडे बघत बसले. या माणसाने माझ्यासमोर दोन वर्षं फळ्याशिवाय एक वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

रोलर बनवायचे दोन प्रयत्न आधीच फसले होते. पुठ्ठ्याचे केले, ते फादर बसताक्षणी चपटे झाले. मग सुताराला सांगितलं. सुताराला फुगीर बाजू बघवल्या नाहीत. त्याने रंधा मारून त्या सरळ केल्या आणि तीन सुबक त्रिकोण आणून दिले. शेवटी फादरांनी स्वतः दोन महिने कानस घासून सागवानाचा एक नमुना बनवला, तळहाताएवढा, आठ सेंटीमीटरचा, आणि चाकणच्या एका वर्कशॉपला पाठवला. सोबत चिठ्ठी: "असेच तीन लांब रोलर हवेत. सगळीकडून माप सारखं आलं पाहिजे."

"उद्या जाऊन ते घेऊन या," फादर म्हणाले. "आणि काही गडबड असेल तर भांडा. तुम्ही चांगलं भांडता. म्हणून तर बोलावलं."

"आणि माझं उत्तर?"

"ते नंतर."

चाकण, शुक्रवार

चाकणच्या रस्त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एका ट्रेलरवर आठ नव्या कोऱ्या मोटारी लादलेल्या होत्या आणि आमची बस त्याच्या मागे दीड तास होती. त्या मोटारी मला पाठ झाल्या. बाजारात मिसळ खाल्ली. लाल दिसते, पण तिखट नसते. आमच्याकडची मिसळ खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ बोलत नाही. इथे शेजारचा माणूस पूर्ण मिसळ खाताना फोनवर कुणाशी तरी शिफ्ट बदलून घेत होता.

वर्कशॉपचे मालक बबनराव कड. साठीचे, मूळचे इथलेच. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, उरलेल्या तुकड्यावर शेड टाकून पंचवीस वर्षं सुटे भाग बनवतात. मशीनवर दसऱ्याचा झेंडू अजून वाळून लटकलेला. दहावीला गणितात दोनदा नापास झाल्यावर फादरांनी दर रविवारी उपासना आटोपली की यांना शिकवलं होतं.

"फादर नसतं तर आमी अजून कांदंच भरत बसलो असतो, ताई," बबनराव म्हणाले. "त्येंचं काम आमी परवाच करून ठिवलंय. बगा."

त्यांनी तेल लावलेल्या कागदातून तीन रोलर काढले. आरशासारखे चकचकीत. आणि गोल. पूर्ण, निखळ, लख्ख गोल.

मी म्हटलं, "बबनराव, हे गोल आहेत."

"व्हय," ते अभिमानाने म्हणाले. "एक केस इकडं तिकडं न्हाई."

आता माझं डोकं फिरलं. मी विचारलं, नमुना काय होता? त्यांनी नमुना आणला. सागवानाचा, तीन कोपरे, फुगीर बाजू, आंधळ्यालाही हात लावून कळेल असा. मी म्हटलं, हा गोल आहे का? बबनराव मान खाली घालून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, फादरांचं वय झालं. हात कापतो. त्येंनी गोलच घासाया घेतला आसंल. आमाला समजून घ्याया लागतं."

मग उलगडा झाला. या धंद्याची रीतच अशी की गिऱ्हाईक नमुना म्हणून जो तुकडा आणतं तो नेहमी झिजलेला असतो. मशीनमधला भाग खराब झाला की तोच घेऊन लोक येतात, असाच एक बनवून द्या म्हणतात. कुणी तसा झिजका बनवून दिला तर धंदा बसेल. तुकड्याकडे बघून तो नवा असताना कसा असेल हे ओळखायचं आणि तसा बनवायचा. बबनरावांनी फादरांचा आकार प्रेमाने दुरुस्त केला होता. सुताराने कोपरे ठेवून फुगवटा काढला, यांनी फुगवटा ठेवून कोपरे काढले.

"पण चिठ्ठीत लिहिलं होतं ना, असेच हवेत म्हणून?"

"चिठ्ठीत लिवलं होतं सगळीकडून माप सारखं. म्हंजी गोलच की. आन आमी आमच्या मनानं न्हाई केलं. प्रज्ञा मॅडमचा रिपोर्ट हाय."

प्रज्ञा सोनकांबळे ही त्यांची क्वालिटी इन्स्पेक्टर. तिशीतली, पिंपरीत वाढलेली, केस घट्ट बांधलेले. तिच्या टेबलावर काचेखाली तिच्या वडिलांचं कंपनीतलं जुनं ओळखपत्र ठेवलेलं. ते तीस वर्षं फिटर होते. मी तिच्यासमोर गेले तेव्हा तिचा फोन वाजला. "जय भीम पप्पा, दोन मिनिटांत करते, इथे एक मॅडम चिडल्यात," म्हणून तिने तो ठेवला आणि मला रिपोर्ट दाखवला. नमुना व्हर्नियरने, म्हणजे चिमट्यासारख्या मोजपट्टीत धरून, बारा दिशांनी मापला होता. बाराही वेळा ऐंशी मिलिमीटर. खाली लिहिलं होतं: गोल, व्यास ऐंशी, ओके.

"डोळ्यांना तीन कोपरे दिसले नाहीत का तुला?" मी विचारलं.

"दिसले ना मॅडम. पण डोळ्यांना काय वाटतं त्याला रिपोर्टमध्ये कॉलम नाही." तिने व्हर्नियर माझ्या हातात दिलं. "तुम्ही मोजा. सगळीकडून सारखं आलं तर तो गोलच असणार. यात विचारण्यासारखं काय आहे?"

मी भांडायला म्हणून श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. हे माझंच वाक्य होतं. शब्द न् शब्द. ज्यासाठी फादरांनी मला मुद्दाम गडहिंग्लजहून बोलावलं होतं ते भांडण आता मला माझ्याशीच करायचं होतं, आणि माझ्याशी भांडून मी आजवर कधी जिंकलेली नाही. मी स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

पाणी प्यायल्यावर मी तिला सगळं सांगितलं. चाचणी परीक्षा, लाल शाई, पैज, चहा, फळा. शनिवारी चारपर्यंत हे रोलर तीनकोनी झाले नाहीत तर एका म्हाताऱ्या मास्तरचा फळा जाईल, हेही सांगितलं. बबनराव डोळे पुसायला लागले. प्रज्ञा मात्र उठली. तिने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेला एक लोखंडी ठोकळा आणला, खाचेत फादरांचा नमुना ठेवला आणि वरून काटा असलेली एक डायल टेकवली. मग नमुना हळूहळू फिरवला.

काटा नाचायला लागला. या बाजूला, त्या बाजूला, प्रत्येक फेऱ्यात तीन वेळा.

त्याच खाचेत तिने गोल रोलर ठेवून फिरवला. काटा जागचा हलला नाही.

"आयला," प्रज्ञा म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "सॉरी मॅडम." नंतर तिने बाजूच्या ट्रेमधल्या पास झालेल्या गोल लोखंडी पिना ओढून घेतल्या आणि एकेक खाचेत ठेवून फिरवू लागली. "मी आत्तापर्यंत या सगळ्या नुसत्या व्हर्नियरवर पास केल्या," ती पुटपुटत होती. बबनरावांचा चेहरा उतरला. चाळीस पिना बघून झाल्यावर ती म्हणाली, "चांगल्या आहेत." बबनराव खाली बसले आणि त्यांनीही पाणी मागितलं.

पुढचं काम त्यांनी ज्या झपाट्याने केलं ते आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत सुद्धा बघायला मिळत नाही. लेथवर सगळं गोलच निघतं, तीनकोनी आकार त्यावर होत नाही. बबनरावांनी पलीकडच्या शेडवाल्याला फोन केला, "भावा, तुजं लेझर दोन तास मोकळं कर, फादरांचं काम हाय." जाड पत्र्यातून सहा चकत्या कापायच्या, प्रत्येक पाइपच्या दोन टोकांना एकेक जोडायची. कोपऱ्यासमोर कोपरा आला पाहिजे, नाहीतर फळी डुलेल. ते बघायला प्रज्ञा स्वतः ओव्हरटाइमला थांबली. लेझरवाल्याने चित्र बघून विचारलंच, "राव, हे गोल करायचंय ना?" आम्ही तिघांनी एकदम "नाही" म्हणून सांगितलं.

आकुर्डी, शनिवार

सकाळी मधल्या वेळात वैशालीबरोबर देहूला जाऊन आले. इंद्रायणीच्या घाटावर बसलो, माशांना चुरमुरे घातले, छान वाटलं, आणि चप्पल हरवली. त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रसंगात मी नऊवारी आणि वैशालीचे पिवळे जॉगिंगचे बूट अशा वेशात होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. फोटो कुणीतरी कट्ट्यावर फिरवलाच आहे.

साडेतीनला बबनराव आणि प्रज्ञा रोलर घेऊन हजर. फादरांनी एक रोलर हातात घेतला, तिन्ही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "माझे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. नगर जिल्ह्यात आमचं दुकान होतं. मी सात वर्षांचा असताना विचारलं, चाक गोलच का? त्यांनी थोबाडीत मारली." त्यांनी रोलर खाली ठेवला. "आज दाखवलं असतं."

व्हरांड्यात रोलर मांडले, वर फळी टाकली. फादर पांढरा झगा घालून फळीवर मांडी घालून बसले. घरातले बाकीचे फादर भिंतीला खुर्च्या लावून बसले होते, स्वयंपाकीण दारात. रेक्टर फादरांनी स्वतः किटलीतून चहा ओतला. ओतला म्हणजे काय, कपाच्या काठाच्या वर चहा फुगून उभा राहीपर्यंत ओतला. मी म्हटलं, हे काय ओतणं झालं? ते म्हणाले, "काठोकाठ ठरलं होतं." प्रज्ञा पंच. तिने फळी तिरकी झाली तर बुडबुडा सरकून दाखवणारी स्पिरिट लेव्हल वर ठेवली, रिपोर्टचा कागद काढला आणि वर तारीख घातली.

मी मागून ढकलायला उभी राहिले. एक थेंब, आणि फळा भंगारात. मी हळूच जोर लावला.

खाली ते तीनकोनी रोलर असे वेडेवाकडे उठत बसत होते की बघवत नव्हतं. आणि वर फळी, काय सांगू, लोण्यावरून सुरी जावी तशी चालली होती. मागे सुटलेला रोलर बबनराव उचलून पुढे आणत, प्रज्ञा तो सरळ लावत होती. लेव्हलमधला बुडबुडा जागचा हलत नव्हता. चहा कपाच्या वर फुगलेला तसाच. भिंतीजवळचे एक नव्वदीचे फादर म्हणाले, "हा तर चमत्कार आहे," तर फादर योहान मान न वळवता म्हणाले, "नाही. प्रमेय आहे."

तीन चतुर्थांश व्हरांडा झाला. रेक्टर फादरांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि मी, मी जराशी खुशीत आले आणि जरासा जास्त जोर लावला. त्या पिवळ्या बुटांची पकडही चांगली होती.

व्हरांड्याच्या त्या टोकाला व्हीलचेअरसाठी अंगणात उतरणारा उतार केलेला होता. पैज लावताना, रोलर कापताना, लेव्हल ठेवताना, एकाही माणसाने त्याचा विचार केला नव्हता. फळी टोकाला थांबली नाही. ती नाक खाली करून उताराला लागली.

मी ओरडले. बबनरावांनी झग्याचं टोक धरलं, ते निसटलं. फादर उतारावरून अंगणाकडे चालले होते, पाठ ताठ, कप समोर. आणि तिथे, सगळ्यांच्या देखत, त्यांनी शांतपणे कप तोंडाला लावला आणि चहा पिऊन टाकला. एका दमात. मग फळी चादरींच्या दोरीत शिरली, दोरी तुटली, आणि समोरून धावत आलेल्या रेक्टर फादरांनी दोन चादरी आणि एक धर्मगुरू अशा तिघांना एकत्र मिठीत झेललं.

चादरींतून पहिल्यांदा हात बाहेर आला. हातात कप, उलटा धरलेला.

"सांडला का?" आतून आवाज आला.

सगळे प्रज्ञाकडे बघायला लागले. ती उतारावरून खाली गेली, फळी बघितली, फरशी बघितली, गुडघ्यावर बसून गवतसुद्धा बघितलं. मग कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: "व्हरांड्याचं टोक: गाठलं. चहा सांडला: नाही. कप: रिकामा. शेरा: पिऊन टाकला."

रेक्टर फादरांनी तो कागद दोनदा वाचला. डोक्यावर अजून एक चादर होती. "टोकापर्यंत चहा कपातच होता?" त्यांनी विचारलं. प्रज्ञा म्हणाली, होता, बुडबुड्याची शपथ. ते हसायला लागले आणि म्हणाले, "सोमवारी सकाळी टेम्पो किती वाजता बोलावू?" मी तिथेच अंगणात, पिवळ्या बुटांसकट, रडले. कशासाठी ते विचारू नका. फळ्यासाठी.

सगळे चहा प्यायला बसले तेव्हा फादर मला खोलीत घेऊन गेले. टेबलाच्या खणातून त्यांनी माझा जुना पेपर काढला. कागद पिवळा पडला होता, लाल शाई तशीच होती. पुन्हा विचार करा.

"केला," मी म्हटलं. "चूक माझी होती. तेव्हाच कळलं होतं, सांगायला आले नाही."

"कळलं होतं हे मला माहीत होतं," फादर म्हणाले. त्यांनी खिशातला खडू पुढे केला. "उत्तर नको. सिद्धता द्या."

मी पदर खोचला आणि फळ्यासमोर उभी राहिले. वर त्रिकोण काढला, बाजूंना फुगवटा दिला, आणि लिहायला लागले. फादर खाटेवर बसून बघत होते. दारात रेक्टर फादर, बबनराव आणि प्रज्ञा येऊन उभे राहिले. प्रज्ञा ओठ हलवत प्रत्येक ओळ वाचत होती. ओळीमागून ओळ येत गेली. आता एकच उरली होती.

ती मला येत होती. डोळे मिटूनही लिहिली असती. मी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मग खाटेवर बसलेल्या त्या काटकुळ्या माणसाकडे बघितलं, आणि खडू खाली ठेवला.

"शेवटची येत नाही, फादर," मी म्हटलं. "विचार करून येते. तिकडे नव्या घरी येऊन लिहीन. महिनाभर तरी लागेल."

फादर माझ्याकडे बघत राहिले. हॉस्टेलमध्ये असताना मी एकदा मैत्रिणीचं गणित उतरवलं होतं आणि न राहवून त्यांच्याकडे कबुली द्यायला गेले होते. ते म्हणाले होते, कबुलीजबाब आमच्या लोकांसाठी असतो, पण आलाच आहात तर पुढचं गणित इथेच सोडवा.

"गणित उतरवल्याची कबुली द्यायला आलात, त्या वेळीही तुमचा चेहरा असाच झाला होता, पाटीलबाई," ते म्हणाले.

मग दाराकडे वळून त्यांनी रेक्टर फादरांना सांगितलं, "फळा जपून न्या. पुसू नका. सिद्धता अर्धी आहे."